अंगठा उचलताना

गेल्या पावसाळ्यापासून माझा उजवा अंगठा अडकतो. दाबताना काही होत नाही. सरळ करताना मात्र क्षणभर तिथेच थांबतो आणि मग टक्कन सुटतो. डॉक्टरांनी ‘ट्रिगर थंब’ असं नाव सांगितलं, इंजेक्शन दिलं, वयाचा भाग आहे म्हणाले. दुसऱ्या एखाद्या कामात याचं कुणी काही मनावर घेतलं नसतं. मी कुत्री शिकवतो, आणि गरज पडली तर गळ्यात विजेची टोचणी देणारा रिमोटचा पट्टा वापरतो. त्या कामात दाबणं कुणालाही येतं. खरं कसब उचलण्यात आहे.

पट्ट्याची चौकशी करायला येणारे रेंज विचारतात, बॅटरी विचारतात, पाण्यात चालतो का ते विचारतात. लेव्हल किती, हे तर हमखास. कुठे आकडे शंभरपर्यंत असतात, डॉगट्रा कंपनीच्या बऱ्याच पट्ट्यांवर १२७ पर्यंत. त्या आकड्याला स्वतःचा असा काही अर्थ नसतो. सोडायचं कधी, हे कुणीच विचारत नाही. कंटिन्यूअसवर, म्हणजे बटण धरलं तोवर टोचणी चालू राहते तेव्हा, आम्ही ‘ये’ म्हणतो, कुत्र्याला जेमतेम जाणवेल एवढ्या लेव्हलवर बटण धरतो आणि ते आपल्याकडे वळलं की सोडतो. पाऊल पडायची वाट पाहायची नाही. पाऊल पडण्याआधी खांदा फिरतो, तिथेच अंगठा सुटला पाहिजे. वळल्यामुळे टोचणी थांबली, हे कुत्र्याला त्या सुटण्यातूनच कळतं. उशीर झाला तर वळूनही टोचतच राहतं, मग ते वळायचंच सोडून देतं, नाहीतर अंग चोरत येतं. अंग चोरत येणारं कुत्रं दिसलं की मला ते शिकवणाऱ्याचा अंगठा दिसतो.

सध्या माझ्या डोक्यात घर करून आहे तो एक कारवानी कुत्रा. सासवडच्या पुढे पालखी मार्गाला लागून मालकाचं शेत आहे. डोळ्यानं शिकार करणारी ही जात. वास घेत रेंगाळणं नाही, काही हललेलं दिसलं की सुटली. लांब दोरीवर तो शहाण्यासारखा येतो. दोरी काढली आणि बांधापलीकडे करडू उडी मारताना दिसलं की मग ‘यू यू’ काय नि शिट्टी काय. आणि पलीकडे ट्रक धावत असतात. म्हणून पट्टा, नाहीतर या जातीला तो लावायला मी नाखूशच असतो. केस आखूड, कातडी पातळ, मान लांब आणि डोकं निमुळतं, त्यामुळे पट्टा सरकतो. सरकू नये म्हणून आवळून तसाच दिवसभर ठेवला तर कातडीला टेकणाऱ्या दोन टोकांखाली जखम होते. पावसात भिजलेल्या मानेवर कालचीच लेव्हल आज वेगळी लागते.

अंगणात हा कारवानी आठावर कान हलवतो. कानाचं टोक एकदाच, माशी बसल्यावर हलावं तसं. तेवढं मला पुरतं. पण करडामागे सुटला की पंचविसाचाही पत्ता लागत नाही त्याला. चाळीसवर न्यावं, तर करडू कुंपणाआड गेल्याक्षणी त्याचं भान परत येतं आणि तेच चाळीस त्याला पुरतं भोवतं. लेव्हल जितकी वर, तितका सोडण्यातला उशीर महाग. हे गणित मी रात्री पडल्या पडल्या करतो. ताशी ५० किलोमीटर वेग धरला तर सेकंदाला १४ मीटर होतात. अर्ध्या सेकंदात ७. दाबायला उशीर झाला तर त्या ७ मीटरांत त्याच्यासमोर करडाऐवजी सायकलवरचं पोर आलेलं असू शकतं, आणि टोचण्याचं खापर त्या पोरावर फुटतं. सोडायला उशीर झाला तर तोवर तो वळलेला असतो, त्याच्यासमोर मी असतो. मग खापर माझ्यावर आणि ‘ये’ या शब्दावर.

जर्मनीत हॅनोव्हरला २००७ साली १४ बीगल कुत्र्यांवर एक अभ्यास झाला. काहींना खोट्या सशाला तोंड लावलं त्याच क्षणी झटका, काहींना हाक ऐकली नाही म्हणून, काहींना वाटेल तेव्हा. लाळेतलं कॉर्टिसॉल मोजलं, तेव्हा पहिल्यांच्यात फारशी वाढ नव्हती. बाकीच्यांचं चढलेलं होतं. आमच्या धंद्यातले लोक यातला पहिलाच गट सांगतात. मला दुसरा झोप येऊ देत नाही. तिथे हाकच दुखऱ्या जागी जाऊन बसली होती.

अमेरिकेत हे पट्टे आले ते शिकारी कुत्र्यांसाठी, रानात दूरवर भलत्याच जनावरामागे लागलेल्यांसाठी. ट्राय-ट्रॉनिक्स ही कंपनी १९६८ ची. आज तोच पट्टा घरपोच येतो आणि सोफ्यावर चढणाऱ्या पिल्लाच्या गळ्यात पडतो. हे मला सहन होत नाही. स्वस्त पट्ट्यांत एका आकड्यावरून दुसऱ्यावर जाताना मध्येच मोठी उडी असते, बटण सोडल्यावर रिसिव्हर सावकाश थांबतो. म्हणजे अंगठा चांगला असूनही उपयोग नाही. आठवड्यात कुत्रं ‘सुधारून’ दाखवणारे व्हिडिओ मी आवाज बंद करून पाहतो. शेपूट आणि कान बघितले की पुरे. पट्टा अजिबात नको म्हणणाऱ्यांशी मात्र माझं भांडण नाही. लिंकन विद्यापीठाच्या २०१४ च्या अभ्यासात ६३ कुत्री होती, हाकेला न येणारी, मेंढ्यांमागे धावणारी, म्हणजे माझ्याच दुखण्याची. पट्ट्यानं बक्षिसापेक्षा जास्त काही साधलं नाही, असं निघालं. वेल्समध्ये २०१० पासून बंदीच आहे. आपल्याकडे प्राण्यांना विनाकारण यातना देणं १९६० च्या कायद्यानं गुन्हा आहे, पण पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये.

रिमोट मी कायम खिशात ठेवला. न बघता, नुसत्या अंगठ्याच्या अंदाजानं लेव्हल फिरवायची. बांधावर उभ्या असलेल्या माणसांना वाटायचं, कुत्रं आवाजावर वळलं. ‘आवाजात जादू आहे हो तुमच्या,’ कुणी म्हणालं की मी काही बोलायचो नाही. नुसता हसायचो. ते ऐकायला मला आवडायचं, अजूनही आवडलं असतं.

माझी शिष्या रिमोट उघड्या हातात धरते, सगळ्यांना दिसेल असा. पहिल्यांदा तिनं त्या कारवानीला करडापासून वळवला तेव्हा खांदा फिरला न फिरला तोच तिचा अंगठा वर होता. कुत्रा सरळ तिच्याकडे आला, अंग न चोरता, शेपूट खाली पण सैल. ‘काका, लेव्हल बावीसच होती,’ ती म्हणाली. मी तिला शाबासकी दिली, आणि मनातून मला फार जड गेलं. बावीसवर तो कधी थांबेल, असं मी धरलंच नव्हतं. बहुतेक तो पंचविसाला कधीच बहिरा नव्हता, करडू दिसण्याआधीचा क्षण तिला दिसतो आणि मला आता दिसत नाही. आता कारवानीचा रिमोट तिच्याकडे आहे. मी दोरी धरतो.

ज्यांनी पट्टा आणलाच आहे त्यांनी तो चालू करण्याआधी कुत्र्याला लांब दोरीवर हाकेला यायला शिकवा. जे हाकेला येणं त्याला माहीतच नाही, ते वीज शिकवत नाही. काम संपलं की पट्टा काढा आणि टोकांखालची कातडी रोज बोटांनी चाचपा. घरात बटण कुणाच्या हातात द्यायचं हे ठरवायचं असेल, तर आधी त्याच्या हातात दोरी द्या आणि कुत्रं वळल्यावर तो ती किती चटकन सैल सोडतो, ते पाहा.