क्लच नसलेली पिकअप

आमच्या पिकअपचा नंबर एमएच ११ नं सुरू होतो. म्हणजे कराडला एमएच ५० मिळायच्या आधीची गाडी. मलकापूरहून पुण्याच्या मार्केट यार्डापर्यंत इतकी वर्षं तिनं भाजी ओढली आणि गेल्या पावसाळ्यात तिसरा गिअर आपोआप सुटायला लागला. खंबाटकी घाटात गिअर सुटणं म्हणजे काय, हे गाडी चालवणाऱ्यांना सांगायला नको.

गिअरबॉक्स बदलायचाच होता. मग मी म्हटलं, ऑटोमॅटिकच बसवू. कारण अण्णांचा डावा गुडघा. पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये क्लच दाबून दाबून तो संध्याकाळी सुजतो. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये फिरणारं तेलच इंजिनाची ताकद गिअरबॉक्सला पोचवतं. डाव्या पायाला काम नाही. अमेरिकेत १९४० च्या ओल्ड्समोबिलपासून लोक क्लच पेडल नसलेल्या गाड्या चालवतायत! आपल्याकडे हायलक्स २०२२ मध्ये आली, ऑटोमॅटिकही मिळते. किंमत बघून मी टॅब बंद केला.

हायवेकडेच्या गॅरेजमधल्या मामांनी सगळं ऐकून घेतलं.

"बसवशील रे. पण इंजिनाला जोडायचं तोंड जुळंल का? शाफ्टची लांबी? तेल गार करायला कूलर? आणि गिअर कवा बदलायचा ते ठरवणारा कॉम्प्युटर, त्यो कुणाशी बोलणार? हे इंजिन मुकं हाय."

खरंच होतं. जुनं डिझेल, पंप सगळा मेकॅनिकल, सेन्सर नाहीत. माझ्या भाषेत, एपीआयच नसलेली सिस्टिम. कॉम्प्युटरशिवाय चालणारे जुने ऑटोमॅटिकही असतात, पण त्यांचे पार्ट मलकापुरात कोण देणार? वर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. उत्पादकाच्या मूळ तपशिलाविरुद्ध गाडीत बदल करता येत नाही, असं सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०१९ मध्ये सांगितलंय. अपघात झाला तर इन्शुरन्सवाले काय म्हणतील, हा विचार मी तिथंच थांबवला.

शेवटी भंगारात निघालेल्या तसल्याच गाडीचा मॅन्युअल गिअरबॉक्स आणला. प्रोपेलर शाफ्ट सोडला, जॅक लावला, दोघांनी जुना खाली घेतला. बॉक्स उतरलाच आहे म्हणून क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंगही नवं टाकलं. प्लेट झिजली की पेडल जड होतं. अण्णा किती दिवस ते जड पेडल दाबत होते कुणास ठाऊक.

"आता हलकं लागंल बघा," मामा म्हणाले.

अण्णा कोल्हापूर नाक्यापर्यंत चक्कर मारून आले. तिसरा सुटला नाही. पेडल हलकं झालंय म्हणाले. उतरताना मात्र डावा पाय हातानं उचलून बाहेर ठेवला.



पुढच्या शनिवारची पुण्याची खेप मी घेतलीय. अण्णांनी अजून हो म्हटलेलं नाही.