जिन्यातला झीरोचा बल्ब



आमचं जुनं घर इंदूरला रामबागेत. १९७८ साली नर्मदेचं पाणी शहरात आलं, पण त्याआधीची टंचाई आईच्या अंगात मुरली होती ती मुरलीच. भाजी धुतलेलं पाणी तुळशीला, कपड्यांचं शेवटचं पाणी मोरी धुवायला. तिला बचत शिकवायची गरज नव्हती. पण मी पडलो बँकेतला, बी.कॉम.! महिन्याचं बिल आलं की वही-पेन घेऊन बसायचो.

१९९२ची गोष्ट. बिल वाढलेलं दिसलं आणि माझी नजर गेली जिन्यातल्या झीरोच्या बल्बवर. रात्रभर जळायचा. मी तो काढूनच टाकला. आई एवढंच म्हणाली, "अरे, राहू दे ना, पायऱ्या दिसत नाहीत रे." मी म्हटलं, "आई, थेंबे थेंबे तळे साचे, तूच शिकवलंस ना?" ती गप्प बसली.

पंधरा दिवसांत पहाटे ती दूध घ्यायला उतरली आणि शेवटच्या दोन पायऱ्या चुकली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण त्यानंतर ती काठीशिवाय कधी चालली नाही. मला एका शब्दाने बोलली नाही. तेच जास्त लागलं.

दवाखान्यात बसल्या बसल्या मी हिशेब केला, जो आधी करायला हवा होता. नावाला झीरो, पण बल्ब पंधरा वॅटचा. रोज दहा तास धरले तरी महिन्याला साडेचार युनिट. आणि आमचा गीझर दोन हजार वॅटचा. तो रोज पाच मिनिटं कमी तापवला असता तर तेवढीच वीज वाचली असती! आंघोळ मी करत होतो, अंधार आईच्या वाट्याला दिला.

म्हणून सांगतो, बचत करा, जरूर करा. पण सुरुवात मोठ्या खर्चापासून करा. गीझर, इस्त्री, एसी. कपडे आठवड्यातून एकदाच, एकदम इस्त्री करा. फ्रिजमध्ये गरम पातेलं ठेवू नका. आणि काटकसर आधी स्वतःच्या सोयीत करा, घरातल्या म्हाताऱ्यांच्या नको.

आता जिन्यात अर्ध्या वॅटचा एलईडी रात्रभर असतो. महिन्याला पाव युनिटही नाही. आता मीच पंच्याहत्तरीचा, कठडा धरून उतरतो. दर वेळी आई आठवते.