पंख्यांचा कारभार

छताला टांगलेला पंखा हा सरकारी कचेरीतला सर्वांत ज्येष्ठ कर्मचारी. साहेब बदलतात, बाबू बदलतात, फायलींचे रंगही बदलतात. तो मात्र आपल्या जागी फिरत राहतो. त्याच्या छायेत आम्ही छत्तीस वर्षे नोकरी केली, पण त्याच्याविषयी विचार असा कधी केला नाही. तो करण्याची वेळ निवृत्तीनंतर आली आणि तीही वीतभरसुद्धा रुंद नसलेल्या पाच पंख्यांमुळे.

धार जिल्ह्याच्या नैर्ऋत्य टोकाला, कुक्षीच्या पुढे, डही हे तहसिलीचे गाव आहे. भोवताली भिल्ल-भिलालांची खेडी, दक्षिणेला नर्मदा आणि वर निमाडचे ऊन. आमचा एक भाचा तेथे संगणकाचे सेवा-केंद्र चालवतो. खसऱ्याची नक्कल, जातीचा दाखला, पेन्शनचे कागद, शिष्यवृत्तीचे अर्ज अशी शेकडो कामे त्या दहा बाय बाराच्या खोलीतून होतात. रस्त्यावरची धूळ बाधू नये म्हणून त्याने मुख्य संगणकाची पेटी लाकडी कपाटात बंद केली होती. धूळ थांबली, पण हवाही थांबली. २०२४ च्या मे महिन्यात दुपारी दोनच्या सुमारास यंत्र स्वतःहून बंद पडू लागले.

यंत्राचे हे बंद पडणे म्हणजे खरोखर आत्मरक्षण असते. आतील चिप ठरावीक तापमानाला पोहोचली की आधी आपला वेग कमी करते आणि तेवढ्यानेही भागले नाही तर काम सोडून देते. यंत्राला तसे करता येते. समोर बसलेल्या माणसाला येत नाही. त्या दिवसांत आम्ही डहीला होतो. पेन्शनच्या पडताळणीसाठी नर्मदेकाठच्या एका खेड्यातून आलेली वृद्धा यंत्रावर अंगठा टेकवून बसली होती आणि पडदा काळा झाला. दोन तास ती बसून राहिली. शेवटची जीप निघायची वेळ झाली तेव्हा तिने एवढेच विचारले, की उद्याचे भाडे कोणाकडे मागायचे? उत्तर ना भाच्याकडे होते, ना आमच्याकडे.

भाच्याने इंदूरला जाऊन जेल रोडवरून बारा व्होल्टचे पाच पंखे आणले. तीन बाहेरची हवा जाळीच्या गाळणीतून आत ओढणार, दोन गरम हवा मागून बाहेर टाकणार. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा किंचित अधिक असली की फटींतून धूळ शिरत नाही, हा त्यामागचा विचार. परंतु मदरबोर्डावर पंख्यासाठी जागा एकच निघाली. “मामा, एकाच्या पाच तोंडं करणारी वायर मिळते,” भाचा म्हणाला. आम्ही चष्मा लावून पंख्यावरची चिठ्ठी वाचली : ०.२५ अँपियर. पाचांचे सव्वा झाले. आणि मदरबोर्डावरील अशा जागेची क्षमता साधारणपणे एक अँपियर असते. शिवाय सुरू होताना पंखा क्षणभर अधिक प्रवाह मागतो. एका शिपायाच्या डोक्यावर पाच टेबलांचे काम टाकले की काय होते, हे सांगायला विद्युत्शास्त्र लागत नाही.

तेव्हा नियंत्रक स्वतःच तयार करायचे ठरले. भाच्याने डाख द्यायचा आणि आम्ही हिशोब करायचा, अशी वाटणी झाली.

या पंख्यांना चार तारा असतात. पहिली जमिनीची, दुसरी बारा व्होल्टची. तिसरी तार पंख्याकडून खबर आणते : प्रत्येक फेऱ्याला दोन ठोके. सेकंदाला चाळीस ठोके आले की पंखा मिनिटाला १२०० फेरे घेतो आहे असे समजावे. चौथी तार आज्ञेची. तिच्यावर सेकंदाला पंचवीस हजार वेळा चालू-बंद होणारा इशारा जातो आणि त्यात चालूचा वाटा किती, यावर वेग ठरतो. यातील खुबी अशी, की शक्ती आणि आज्ञा यांचे मार्ग वेगळे आहेत. बारा व्होल्ट आम्ही थेट एसएमपीएसमधून, स्वतंत्र फ्यूज घालून, पाचही पंख्यांना वाटून दिले. आज्ञेच्या तारेतून मात्र प्रवाह इतका अल्प वाहतो, की एक चिमुकला ट्रान्झिस्टर पाचांना पुरतो. ती आज्ञा देते अर्डुइनोची छोटी पट्टी. २००५ मध्ये इटलीतील इव्रेआ गावी विद्यार्थ्यांसाठी जन्मलेले हे साधन आज डहीसारख्या ठिकाणीही टपालाने पोहोचते.

आज्ञा कोणती द्यायची, हा खरा प्रश्न होता. भाच्याचे मत, पाचही पंखे पूर्ण वेगाने सोडावेत. परंतु पंखा थंडी निर्माण करीत नाही. तो फक्त हवा बदलतो. खोलीत बेचाळीस अंश असतील तर पेटीत एकेचाळीस कधीच होणार नाहीत. शंभर वॉट उष्णता आणि मिनिटाला तीस घनफूट हवा असा हिशोब मांडला, तर आतून निघणारी हवा बाहेरच्यापेक्षा सुमारे सहा अंशांनी गरम असते. हवा दुप्पट केली की फरक तीन अंशांवर येतो. म्हणजे लाभ तीन अंशांचा. पण वेग दुप्पट करताना पंख्याला लागणारी शक्ती आठपट होते, आवाज वाढतो आणि गाळणी लवकर तुंबते. म्हणून आम्ही एक तापमापक कपाटाबाहेर आणि एक पेटीत बसवला आणि वेग त्या दोहोंतील फरकावर बांधला. फरक पाच अंशांच्या आत असेल तर पंखे संथ. वाढत गेला तर पायरीपायरीने जलद. पेटीच्या आतले तापमान साठाला टेकले, की मग मात्र फरकाबिरकाचा विचार न करता सर्वांनी धावावे.

या खटाटोपात आम्हांला मोहून टाकले ते तिसऱ्या आणि चौथ्या तारेने. नोकरीत आम्ही चौथ्या तारेचे अधिकारी होतो. आज्ञा, परिपत्रके, स्मरणपत्रे यांचा प्रवाह अखंड खाली वाहत असे. खालून येणारी खबर मात्र महिन्याच्या तक्त्यात भरून यायची आणि तक्ता भरला म्हणजे काम झाले असे धरले जायचे. हा पंखा तसा तक्ता भरीत नाही. धुळीने जाम झाला की ठोके थांबतात, पट्टीवरचा लाल दिवा लागतो आणि कोणता पंखा अडला ते त्याच क्षणी कळते. याहून थोर गुण चौथ्या तारेचा. ती तुटली, वा आज्ञा देणारी पट्टीच बंद पडली, तर पंखा हुकुमाची वाट पाहत बसत नाही. पूर्ण वेगाने फिरू लागतो. हे त्याच्या रचनेतच आहे. वरून काही कळेनासे झाले तर ज्याच्यासाठी नेमले आहे त्याचे रक्षण करावे, हा नियम कोणा अज्ञात अभियंत्यांनी वीतभर पंख्यात घालून ठेवला आहे. आमच्या सेवा-नियमांच्या जाड पुस्तकात तो कोठे वाचल्याचे आठवत नाही.

यंत्राने गारवा आणण्याची हौस धारच्या मातीला नवी नाही. अकराव्या शतकात येथे राज्य करणाऱ्या भोजाच्या नावावरील ‘समरांगणसूत्रधार’ या ग्रंथात यंत्रविधानाचा एक अख्खा अध्याय आहे. राजाने उन्हाळ्यात बसावे म्हणून पाण्याच्या धारांनी निववलेल्या धारागृहाचे वर्णन त्यात येते. त्याच अध्यायात ग्रंथकार बजावतो, की यंत्रांची जुळणी आपण सांगितलेली नाही ती गुप्ततेसाठी, अज्ञानामुळे नव्हे. त्या काळी त्याला तसे योग्य वाटले असेल. आमच्या भाच्याने मात्र तारांचा नकाशा शिसपेन्सिलीने काढून कपाटाच्या दाराला आतून चिकटवला आहे. त्यावरून बाजारातल्या दुरुस्तीवाल्या भिलाला पोराने आपल्या दुकानासाठी दुसरा नियंत्रक बनवला आणि त्यात आमच्याहून नीटस डाख दिला.

त्या मे महिन्याच्या उत्तरार्धात दुपारचे काम पुन्हा सुरळीत झाले. ती वृद्धाही येऊन गेली. अंगठा उमटला, कागद निघाला आणि तो पदराच्या गाठीत बांधून ती जीप गाठायला उठली. कपाटात पाच पंखे फिरत आहेत हे तिला ठाऊक नव्हते, आणि ठाऊक असण्याचे काही कारणही नव्हते. चांगला कारभार तो, ज्याचा आवाज समोरच्या माणसाच्या कानी पडत नाही आणि ज्याचे काम अडत नाही. छत्तीस वर्षे आम्ही ज्या व्याख्येच्या शोधात होतो, ती डहीच्या एका लाकडी कपाटात मंद घरघरत होती.