वास न येणारे व्यसन



आपल्या घरात कांदा-लसूणसुद्धा चालत नाही, तिथे नशा कुठून येणार, असे आपण धरूनच चालतो. लहानपणी पाठशाळेत सप्तव्यसने पाठ केली. त्यात मद्य आहे, पण पावडर आणि गोळी यांचे नाव नाही. माझा नातू संभाजीनगरला शिकतो. तो परवा म्हणाला, "आजी, दारूचा वास येतो, याला वासच नाही. म्हणून तर घरी कळत नाही."

पैठण म्हटले की आपल्याला भगवान मुनिसुव्रतनाथांचे अतिशय क्षेत्र आठवते. ऑक्टोबर 2023 मध्ये संभाजीनगर शहरात आणि त्याच पैठणच्या एमआयडीसीत महसूल गुप्तचर संचालनालयाने छापे घातले. कोकेन, मेफेड्रोन आणि केटामाइन मिळून 250 कोटींहून अधिक किमतीचा माल सापडला. मंठ्याची कितीतरी मुले शिकायला संभाजीनगर, पुण्याकडे जातात. म्हणजे हे संकट मुंबईच्या पार्ट्यांपुरते उरलेले नाही.

मेफेड्रोनलाच मुले एमडी म्हणतात. कोणी मित्र सांगतो, "हे घे, रात्रभर अभ्यास होईल." सुरुवातीला उत्साह वाटतो, झोप आणि भूक पळते, छातीत धडधडते. असर थोड्या वेळात उतरतो आणि मन एकदम खचते, म्हणून पुन्हा घ्यावेसे वाटते. पुढे संशय, भास, चिडचिड सुरू होते. हृदयावर ताण येऊन जीवही जाऊ शकतो.

मी कॉमर्सवाली, म्हणून हिशेबाकडे आधी लक्ष जाते. फी भरूनही पुन्हा पुन्हा पैसे मागणे, मोबाईल "हरवणे", मित्रांकडची उधारी, त्यात वजन घटणे आणि दिवसाची झोप उलटीपालटी होणे, एवढे एकत्र दिसले तर आईने विचारायलाच हवे. ओरडून नाही, जवळ बसून.

आमच्या नात्यातल्या एका घरात हे घडले. मुलाला कावीळ झाली म्हणून सगळ्यांना सांगितले आणि आठ महिने त्याला घरात ठेवले. कारण एकच, धाकट्या बहिणीचे लग्न व्हायचे होते. त्या आठ महिन्यांत त्याचे व्यसन सुटले नाही, उलट आईच्या बांगड्या गेल्या. शेवटी मामाने हट्टाने डॉक्टरांकडे नेले. आज मुलगा दुकानात बसतो, पण अजून दर महिन्याला समुपदेशनाला जातो. बहिणीचे लग्नही झाले. सासरच्यांना आधीच खरे सांगितले होते.

पोलिसांच्या भीतीनेही लोक लपवतात. अमली पदार्थांचा 1985 चा कायदा कडक आहे. 50 ग्रॅमहून जास्त मेफेड्रोन जवळ सापडले तर किमान 10 वर्षे तुरुंगवास होतो. पण त्याच कायद्यातील कलम 64अ असे सांगते की, केवळ सेवन किंवा अल्प प्रमाणाचा गुन्हा असलेला व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेत असेल, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळते. मात्र उपचार पूर्ण करावे लागतात. विक्री करणाऱ्याला ही सवलत नाही.

पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी 1986 मध्ये मुक्तांगण सुरू केले, तेव्हा गर्दची साथ होती. तिथे व्यसनी माणसाला रुग्ण मानले, गुन्हेगार नाही. आता 14446 या सरकारी क्रमांकावर फोन केला तरी मोफत मार्गदर्शन मिळते. हा क्रमांक फ्रिजवर लावून ठेवा.

प्रतिक्रमण म्हणजे चुकलेल्या वाटेवरून मागे फिरणे. आपण ते रोज करतो. मग आपलेच मूल मागे फिरू पाहत असेल, तर लोकलाजेसाठी त्याची वाट का अडवायची?

आज संध्याकाळी मुलाला फोन कराल तेव्हा मार्कांआधी विचारा, "बाळा, झोप नीट होते ना?"