फिट येणे आणि फिट असणे

मराठीत मिरगीची, म्हणजे अपस्माराची, गंमत अशी, की ज्याला ‘फिट येते’ तो ‘फिट नाही’ असं आपण एकाच शब्दात उरकून टाकतो. रस्त्यावरच्या एखाद्या दुकानात हिशेब लिहिणारा आणि त्याच रस्त्यावर ऑटो चालवणारा, दोघांना मिरगी असेल तर दोघांचा धोका सारखा नसतो. पण आपला कौल मात्र सारखाच: काम सोड. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते जगात सुमारे 5 कोटी लोकांना अपस्मार आहे आणि योग्य उपचार मिळाले तर 70 टक्क्यांपर्यंत लोक झटक्यांविना जगू शकतात. म्हणजे प्रश्न आजाराच्या नावाचा नाहीच. झटका कसा येतो, शेवटचा कधी आला, झोप आणि गोळ्या वेळेवर होतात का, आणि काम नेमकं कोणतं, हा आहे.

मालक म्हणेल, उद्या मशीनवर पडला तर जबाबदार कोण? आक्षेप रास्त आहे. उंचावरचं काम, उघडी यंत्रं, ड्रायव्हिंग इथे नकार द्यावाच लागतो. वाहन परवान्याचा नमुना 1 मिरगीबद्दल विचारतो, ते उगाच नाही. पण तोच नकार टेबलावरच्या कामाला लावला की माणूस आजार लपवतो, गोळी चोरून घेतो, कधी चुकवतो. आणि झटका तिथेच गाठतो. 1999 मध्ये हिंदू विवाह कायद्यातून अपस्माराचा अडथळा निघाला. लग्नाला चालणारा माणूस हिशेबाच्या वहीला का चालू नये?