दाभोळच्या किनारी दोन दिवस

अम्मींना घेऊन कुठे जायचं म्हटलं, की आमच्या घरी पहिला प्रश्न निघतो तो संडास-बाथरूमचा. गुडघे वाकत नाहीत, वुजू वारंवार लागतो आणि हॉटेलातल्या जेवणावर त्यांचा भरवसा नाही. म्हणून या हिवाळ्यात आम्ही दोन दिवसांसाठी कॅराव्हॅन भाड्याने घेतली. झोपायला बाकडी, छोटा ओटा, पाण्याची टाकी, संडास, सगळं गाडीतच. ड्रायव्हर धरून आम्ही आठ जण: अम्मी, आम्ही दोघं, भाऊ, भावजय आणि आमची दोन मुलं.

शनिवारी फजर पढून मुंब्र्याहून निघालो. माणगाव, महाड, पोलादपूर करत खेड आणि तिथून दापोली. वाटेत गाडी थांबवून जोहर आणि असरची नमाज एकत्र कसर केली. आम्ही कोकणी, म्हणून शाफई. भावजय हनफी घरातली, तिने जोहर तेवढी तेव्हा पढली आणि असर तिच्या वेळेला. प्रवासात दोन्ही रीती शेजारी शेजारी चालल्या, कुणाचं अडलं नाही.

अडली ती गाडी. दापोलीहून दाभोळकडे उतरताना वळणं अशी, की समोरून एस.टी. आली की आमचा ड्रायव्हर श्वास रोखून धरायचा. गावात तर दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे आणि वरून नारळाच्या झावळ्या. शेवटी गावाबाहेर ओळखीच्यांच्या अंगणात गाडी लावली. त्यातच संध्याकाळी टाकीतलं पाणी संपलं. मुलांनी नळ सोडून ठेवत वुजू केला होता. वाहत्या नदीकाठी बसलात तरी वुजूत पाणी उधळू नका, हे आपण मुलांना किती वेळा सांगतो. ते त्यांना त्या रिकाम्या टाकीनं समजावलं. दुसऱ्या दिवशी एकेका तांब्यात वुजू झाला.

रात्री अंगणातच जेवलो. यजमानांच्या घरून तांदळाच्या भाकऱ्या, तिसऱ्यांचं सुकं आणि सोलकढी आली. भावजयीने तिसऱ्यांना हात लावला नाही. तिच्यासाठी ओट्यावर सुरमईच्या दोन तुकड्या तळल्या आणि मुलांनी त्यातलीही एक पळवली.

दाभोळ आज लहानसं गाव वाटतं. वाशिष्ठी नदी इथे समुद्राला मिळते. धक्क्यावरून पलीकडच्या धोपाव्याला फेरीबोट जाते. त्यात माणसं, मोटारसायकली, गाड्या सगळं चढतं. पण एके काळी हे पश्चिम किनाऱ्यावरचं मोठं बंदर होतं. बहामनी आणि आदिलशाही काळात इथून जहाजं अरबस्तानाकडे आणि होर्मुझकडे जात. अरबी घोडे इथे उतरत, हजचे मुसाफिर इथून चढत. पंधराव्या शतकात हिंदुस्थानात आलेला अफनासी निकितिन हा रशियन व्यापारीही परतताना दाभोळहूनच जहाजात बसला. 1508 च्या डिसेंबरात पोर्तुगीजांनी हे शहर जाळलं. एवढं सगळं या शांत धक्क्यावर घडलं, हे मुलांना खरं वाटेना.

रविवारी सकाळी खाडीकाठच्या जुन्या मशिदीत गेलो. काळ्या दगडाची इमारत, एक मोठा घुमट, चार कोपऱ्यांवर चार मिनार आणि भोवती माड. विजापूरच्या इमारती पाहिलेल्या माणसाला ती लगेच ओळखीची वाटते. कुणी तिला माँसाहेबांची मशीद म्हणतात, कुणी अंडा मशीद. अम्मी पायऱ्यांवर टेकल्या. तिथे बसलेल्या एका बुजुर्ग चाचांनी गावात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली गोष्ट सांगितली.

विजापूरच्या शाही घराण्यातली शहजादी आयशाबीबी हजला निघाली. मोठा लवाजमा आणि भरपूर पैसा घेऊन ती दाभोळपर्यंत आली. पण समुद्रावर धोका होता, पुढे जाता येईना. परतायचं, तर हजसाठी काढलेल्या पैशाचं काय करायचं? काजी-मौलवींनी सल्ला दिला आणि त्या पैशातून ही मशीद उभी राहिली.

आम्ही अम्मींकडे पाहिलं नाही. त्यांच्या हजचे पैसे गेली कित्येक वर्षं साठलेले आहेत. आधी अब्बांचं आजारपण आलं आणि त्यांच्या इंतकालनंतर अम्मींचं हृदय. गेल्या रमजाननंतर डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, की ही सफर आता त्यांना कधीच झेपणार नाही. त्या दिवसापासून घरात हजचा शब्द कुणी काढला नव्हता. काढला असता, तर पुढचं बोलावं लागलं असतं.

"पैसा होता, जहाज होतं, तरी जाता आलं नाही बिचारीला," अम्मी म्हणाल्या.

"नियत तर पोचली ना, आपा," चाचा म्हणाले.

चाचांना विचारून अम्मींनी आत खुर्चीवर बसून दोन रकात नफल पढली. दुआला हात उचलले ते बराच वेळ खाली आले नाहीत. मुलं खांबांआड लपाछपी खेळत होती, तीही आपोआप गप्प झाली.

परतीच्या वाटेवर अम्मी खिडकीशी बसून होत्या. घाट चढून गाडी वर आली तेव्हा त्या म्हणाल्या, "घरी गेल्यावर मौलानांना विचार, हज्जे-बदलचं कसं असतं. तुझ्या मामूंचा स्वतःचा हज झालाय. ते जातील का माझ्या नावाने?"

आम्ही हो म्हणालो. जी गोष्ट सहा महिने आम्हा मुलांच्या तोंडून निघत नव्हती, ती त्यांनीच काढली होती.

घरात म्हातारं माणूस असेल तर अशी सफर जरूर करा. गाडी शक्य तितकी लहान घ्या, मुक्कामाची जागा आधी ठरवा, पाण्याचे दोन कॅन जास्तीचे ठेवा. आणि दाभोळला गेलात, तर त्या पायऱ्यांवर थोडा वेळ बसा.