दादर-माटुंग्याच्या वसाहतीत एक दिवस

मुंबईस जाणाऱ्या आमच्या वाचकांपैकी बहुतेकांनी राणीची बाग पाहिली असेल, चौपाटीवर भेळ खाल्ली असेल आणि दादर स्थानकावरील गर्दीत धक्केही खाल्ले असतील. परंतु त्या स्थानकाबाहेर पडून पूर्वेच्या वसाहतीतून पायी हिंडावे, असे फार थोड्यांच्या मनात येते. आम्हांसही ते आजवर सुचले नव्हते. मात्र गेल्या माघात आमच्या एका वृद्ध स्नेह्यांचे बोलावणे आले. “इमारत पाडण्याचे घाटत आहे, रविवारी रहिवासी मंडळाची सभा आहे. घर उभे आहे तोवर एकदा येऊन जा,” असे त्यांनी कळविले, आणि आम्ही निघालो.

या वस्तीचा जन्म एका मोठ्या आपत्तीतून झाला. 1896 साली मुंबईत प्लेगने थैमान घातले. कोंदट चाळी, अरुंद गल्ल्या आणि तुंबलेली गटारे यांनी रोगास आयतेच घर दिले होते. तेव्हा सरकारने 1898 साली सुधारणा मंडळ, म्हणजे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, स्थापिले. शहराच्या उत्तरेकडील शेतजमिनी व खाजणे घेऊन तेथे रुंद रस्ते, आखीव भूखंड आणि मोकळ्या जागा ठेवून नवी वस्ती वसवावी, असे ठरले. दादर, माटुंगा, वडाळा व शीव हा सारा टापू त्याच योजनेतला. पुढे 1933 साली हे मंडळ महापालिकेत विलीन झाले; पण त्याने आखलेले रस्ते आजही तसेच आहेत.

स्नेह्यांबरोबर आम्ही प्रथम हिंदू कॉलनीत फिरलो. येथील गल्ल्यांस पहिली, दुसरी अशी क्रमांकांचीच नावे आहेत. दोन-तीन मजल्यांच्या जुन्या इमारती, प्रत्येकीभोवती चार हात मोकळी जागा, दाराशी एखादे जुने झाड. याच वसाहतीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे ‘राजगृह’ आहे. पुस्तकांना पुरेशी जागा मिळावी म्हणून मुद्दाम घर बांधणारा गृहस्थ या वस्तीचा रहिवासी होता, ही गोष्ट येथील प्रत्येक मुलास ठाऊक असावी असे आम्हांस वाटते.

पुढे पारशी कॉलनी लागते. मंचेरजी जोशी या पारशी अभियंत्याने ट्रस्टच्या मागे लागून मध्यमवर्गीय पारशांसाठी 103 भूखंड राखून घेतले. केवळ घरे बांधून ते थांबले नाहीत. रस्त्यांच्या कडेने झाडे लावण्यातही त्यांनी लक्ष घातले. जवळच्या पाच बागांस त्यांचेच नाव आहे. त्या बागांतून सकाळच्या वेळी चालताना, आपण मुंबईत आहो याचा घटकाभर विसर पडला. वसाहत जमिनीने आणि पैशाने उभी राहते हे खरे. पण ती वसती राहण्यास कोणीतरी चिकाटीने तिच्यामागे उभे राहावे लागते, हे येथे प्रत्यक्ष दिसते.

सभा दुपारी चार वाजता इमारतीच्या पुढच्या अंगणातच भरली. शेजारच्या इमारतींतील मंडळीही आली होती. प्रारंभी नेहमीच्या तक्रारी झाल्या. एक नवा मनोरा उभा राहिल्यापासून पाण्याचा दाब कमी झाला; पूर्वी एका इमारतीत एखादी मोटार असे, आता एका घरात दोन असतात आणि मुलांनी खेळावे कोठे हा प्रश्न पडतो; बांधकामाची धूळ खिडक्या लावल्या तरी घरात येते. मग मुख्य विषय निघाला. आमचे स्नेही उठले आणि म्हणाले, “ज्या मोकळ्या हवेसाठी आपल्या वाडवडिलांनी गिरगाव सोडले, ती आपणच विकावयास निघालो आहोत.” वृद्ध मंडळींनी माना डोलावल्या.

तेव्हा तिसऱ्या मजल्यावरील एक सूनबाई उभ्या राहिल्या. त्या म्हणाल्या, “काका, आपले म्हणणे मला पटते. पण सासूबाईंना दवाखान्यात न्यावयाचे तर चौघांनी खुर्ची धरून जिना उतरवावा लागतो. गेल्या चार महिन्यांत त्यांनी हे अंगण पाहिलेले नाही. त्यांना मोकळी हवा कोण देणार?” सभा एकदम स्तब्ध झाली. आमच्या स्नेह्यांजवळ यास उत्तर नव्हते, आणि खरे सांगावयाचे तर आमच्याजवळही नव्हते.

जुन्या घरांची ही दैना उगीच झालेली नाही. 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडेकरूस निवारा मिळाला, पण भाडी जागच्या जागी गोठली. मालकास दुरुस्ती परवडेना आणि भाडेकरूस घर सोडवेना. पुढे पुनर्बांधणीस वाढीव चटईक्षेत्र देण्याची सोय झाली, तेव्हा बांधणारा भाडेकरूस नवे घर फुकट देऊ लागला आणि आपला खर्च वरच्या मजल्यांतून वसूल करू लागला. म्हणजे गच्चीवर भेगा पडलेल्या कुटुंबास सुटकेची वाट मिळते ती शेजाऱ्याच्या उजेडातून व पाण्यातून. 2012 साली या वसाहती व शिवाजी पार्क यांचा वारसा यादीच्या मसुद्यात समावेश झाला, तेव्हा शिवाजी पार्कच्या अनेक रहिवाशांनीच त्यास विरोध केला होता. बाहेरच्यास तो करंटेपणा वाटेल. जिना चढणाऱ्यास वाटणार नाही.

अखेरीस मंडळाने जो ठराव केला तो आम्हांस शहाणपणाचा वाटला. पुनर्बांधणीस विरोध नाही. परंतु करारावर सह्या करण्यापूर्वी प्रत्येक इमारतीने तो मंडळापुढे वाचावा. कुंपणालगतची झाडे, भोवतालची मोकळी जागा, पाण्याची टाकी आणि वाहनांची सोय या चार गोष्टी त्यात लिहून घ्याव्यात. एकट्या इमारतीने मागितले तर बांधणारा हसेल. दहा इमारतींनी एकाच शब्दांत मागितले तर त्यास ऐकावे लागेल.

सायंकाळी रेल्वेवरील पूल ओलांडून आम्ही शिवाजी पार्कवर गेलो. 1925 साली पालिकेने हे मैदान माहीम पार्क म्हणून खुले केले, आणि 1927 साली, शिवछत्रपतींच्या जन्माच्या तिसऱ्या शताब्दीस, अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहाने त्यास आजचे नाव मिळाले. येथील सभांच्या कर्ण्यांनी त्रासलेल्या रहिवाशांनी न्यायालयाची पायरी चढली आणि 2010 साली उच्च न्यायालयाने हा परिसर शांतता क्षेत्र ठरविला. मैदान सर्वांचे, पण झोप ज्याची त्याची, हा वाद तेव्हा चांगलाच रंगला होता.

कठड्यावर टेकून आमचे स्नेही बराच वेळ मुलांचे क्रिकेट पाहत बसले. मग म्हणाले, “सह्या करीन म्हणतो. त्या माउलीस खाली आणावयास हवे.”

एकत्र कुटुंबात वाढलेल्या आमच्या वाचकांस यात नवे काहीच वाटणार नाही. एका चुलीवर जेवणाऱ्या दहा माणसांत प्रत्येकास थोडे सोडावे लागते, तेव्हाच घर टिकते. गल्लीचेही तसेच आहे. मात्र घरात हे शिकविण्यास आजी असते; गल्लीस ते रहिवासी मंडळाकडूनच शिकावे लागते. तेव्हा आपल्या गावी, आपल्या पेठेत असे मंडळ असेल, तर तक्रार असेल त्याच दिवशी नव्हे, तर एरवीही त्याच्या सभेस जावे, एवढीच आमची विनंती आहे.